स्वतःची गाणी क्लाउडवर ठेवताना : नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांच्या घरी गाण्यांचा स्वतःचा साठा आहे त्यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. महालातल्या जुन्या घराच्या माळ्यावर कॅसेटची पेटी असेल, सीताबर्डीवरून कधीकाळी घेतलेल्या सीडी असतील, जुन्या कॉम्प्युटरच्या डी ड्राइव्हमध्ये गाण्यांचं फोल्डर असेल, नाहीतर भजनी मंडळाचं मोबाइलवर केलेलं रेकॉर्डिंग असेल. हे सगळं एका जागी आणायचं, फोनवरून कुठेही ऐकायचं आणि पुढच्या पिढीपर्यंत पोचवायचं, एवढाच इथला विषय आहे.

सगळी गाणी ॲपवर मिळतात. मग स्वतःचा साठा कशाला सांभाळायचा?

सगळी मिळत नाहीत, आणि विदर्भातल्या माणसाला हे चटकन जाणवतं. खंजिरीच्या तालावर गावोगावच्या मंडळांनी म्हटलेली राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजनं, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या परिसरातल्या स्टॉलवर पूर्वी मिळणाऱ्या भीमगीतांच्या कॅसेट, झाडीपट्टीच्या म्हणजे पूर्व विदर्भातल्या नाटकांतली पदं, दंडार या लोकनाट्यातली गाणी यांतलं फार थोडं मोठ्या ॲपवर सापडतं. छोट्या कंपन्यांनी पाचशे-हजार प्रती काढल्या, कंपन्या बंद पडल्या, मूळ टेप कुठे गेली याचा पत्ता नाही. अशा वेळी तुमच्या घरातली कॅसेट ही कदाचित शिल्लक राहिलेल्या मोजक्या प्रतींपैकी एक असते. आकाशवाणीचं नागपूर केंद्र १९४८ पासून चालू आहे. तिथले कितीतरी कार्यक्रम लोकांनी रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून उतरवून घेतले. ते पुन्हा कुठे ऐकायला मिळतील याची खात्री कोणीच देऊ शकत नाही.

दुसरं कारण म्हणजे सेवा बंद पडतात. फ्लिपकार्टचं फ्लाइट हे गाणी विकत देणारं दुकान २०१२ मध्ये उघडलं आणि २०१३ मध्ये बंद झालं. ज्यांनी विकत घेतलेल्या फाइल उतरवून ठेवल्या होत्या त्यांची गाणी आजही वाजतात. रेसो आणि विंक या दोन्ही सेवा २०२४ मध्ये भारतात थांबल्या. ॲपमध्ये तुम्ही लावलेली यादी म्हणजे फक्त यादी असते, तिच्यातलं गाणं तुमचं नसतं. कंपनी आणि हक्कदार यांच्यातला करार संपला की एके दिवशी ते गाणं राखाडी दिसायला लागतं आणि वाजत नाही.

क्लाउडवर टाकलं म्हणजे सुरक्षित झालं ना?

नाही. या पानावरचं एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा.

क्लाउड ही ऐकण्याची सोय आहे. मूळ फाइल तुमच्याकडे, तुमच्या डिस्कवर असलीच पाहिजे. गूगल प्ले म्युझिकवर लोकांनी हजारो गाणी चढवली होती. ती सेवा २०२० च्या शेवटी बंद झाली आणि २४ फेब्रुवारी २०२१ नंतर तिथला सगळा साठा पुसला गेला. गूगलने तो यूट्यूब म्युझिकवर हलवायची सोय दिली होती, मुदतही दिली होती, पण ज्यांनी तो ईमेल उघडलाच नाही त्यांचं काय? ॲमेझॉननेही स्वतःची गाणी ठेवायची सेवा २०१९ मध्ये संपवली. ॲपल तर आपल्या मदतीच्या पानांवर स्पष्ट लिहितं की त्यांची म्युझिक लायब्ररी हा बॅकअप नाही. एवढ्या मोठ्या कंपन्या स्वतःच सांगत असतील तर त्यांचं ऐकावं.

माझा आग्रह तीन प्रतींचा आहे. एक घरच्या कॉम्प्युटरवर किंवा हार्ड डिस्कवर, दुसरी वेगळ्या डिस्कवर आणि वेगळ्या घरात, तिसरी क्लाउडवर. वेगळं घर म्हणजे पुण्यातला भाऊ, अमरावतीची मावशी, कोणीही चालेल. दिवाळीला जाणं-येणं होतंच, तेव्हा डिस्कची अदलाबदल करता येते. घरात पाणी शिरलं, चोरी झाली किंवा डिस्क जळाली तरी साठा जात नाही.

कोणती सेवा घ्यावी?

तुमच्याकडे काय आहे आणि त्यासाठी किती खटपट करायची तयारी आहे, यावर ते ठरतं.

फुकटात आणि लवकर सुरुवात करायची असेल तर यूट्यूब म्युझिक. तिथे स्वतःची एक लाखापर्यंत गाणी अपलोड करता येतात. एमपीथ्री, एमफोरए, फ्लॅक (आवाज न गमावता दाबलेली फाइल), ऑग आणि डब्ल्यूएमए या प्रकारच्या फाइल चालतात. अपलोड मात्र कॉम्प्युटरच्या ब्राउझरमधूनच करावं लागतं, फोनवरून होत नाही. आपण चढवलेली गाणी फक्त आपल्यालाच दिसतात, आणि प्रीमियम वर्गणी नसली तरी ती जाहिरातींशिवाय आणि स्क्रीन बंद असतानाही वाजतात. आईबाबांच्या फोनवर त्यांचीच कॅसेट वाजवून द्यायची असेल तर मला हा सर्वांत सोपा मार्ग वाटतो. एक अडचण सांगून ठेवते: नुसतं शोधलं की ॲप आपल्या फाइलऐवजी त्यांच्याकडचंच गाणं पुढे करतं. लायब्ररीत जाऊन ‘अपलोड्स’ निवडा, मग तुमचं सापडेल.

आयफोन आणि ॲपल म्युझिकची वर्गणी असेल तर तिथेही एक लाख गाण्यांची मर्यादा आहे. २०० एमबीपेक्षा मोठी फाइल ते घेत नाहीत. दोन्ही बाजूंची अख्खी कॅसेट एकाच फाइलमध्ये ठेवली असेल तर ती इथे अडकू शकते. ॲपलची पद्धत अशी की तुमचं गाणं त्यांच्या साठ्याशी जुळलं तर तुमची फाइल न चढवता त्यांची २५६ केबीपीएसची प्रत दिली जाते (केबीपीएस म्हणजे आवाजाच्या एका सेकंदाला किती डेटा, आकडा मोठा तशी फाइल मोठी). चित्रपटगीतांना याने काही बिघडत नाही. पण तुमच्याकडे एखाद्या मैफलीतलं, थोडं वेगळं गायलेलं रेकॉर्डिंग असेल आणि ते चुकून स्टुडिओतल्या गाण्याशी जुळलं, तर ऐकायला भलतंच येतं. दुर्मीळ रेकॉर्डिंगसाठी मी ही सेवा सुचवत नाही.

स्पॉटिफायमध्ये ‘लोकल फाइल्स’ आहेत, पण त्या क्लाउडवर जात नाहीत. तुमच्या यंत्रावरच्या फाइल ॲपमध्ये दिसतात एवढंच.

तिसरा मार्ग म्हणजे गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्समध्ये फाइल ठेवायच्या आणि क्लाउडबीट्स किंवा एव्हरम्युझिकसारख्या ॲपने थेट तिथून वाजवायच्या. याचा मोठा फायदा म्हणजे फाइल जशी चढवली तशीच राहते, कोणी तिचं रूपांतर करत नाही, आणि पाहिजे तेव्हा जशीच्या तशी परत उतरवता येते. ज्यांना फोल्डरची सवय आहे त्यांना हे सुटसुटीत वाटतं. फुकट जागा मात्र थोडी: गूगलची १५ जीबी, तीही जीमेल आणि फोटोंसकट, वनड्राइव्हची ५ जीबी आणि ड्रॉपबॉक्सची २ जीबी.

चौथा मार्ग घरच्या सर्व्हरचा, म्हणजे गाणी साठवून फोनपर्यंत पोचवणाऱ्या घरातल्याच कॉम्प्युटरचा. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

माझ्या साठ्याला किती जागा लागेल?

३२० केबीपीएसचं एमपीथ्री मिनिटाला साधारण २.४ एमबी घेतं, म्हणजे पाच मिनिटांचं गाणं १२ एमबी. १२८ केबीपीएस घेतलं तर तेच ५ एमबीच्या आत. सीडीच्या दर्जाचा, न दाबलेला आवाज तासाला सुमारे ६३५ एमबी होतो. तोच फ्लॅकमध्ये दाबला की अंदाजे निम्मा होतो आणि आवाजातला कणही कमी होत नाही.

समजा तुमच्याकडे साठ मिनिटांच्या २०० कॅसेट आहेत. फ्लॅकमध्ये त्या ६० ते ८० जीबीत बसतील, ३२० च्या एमपीथ्रीत २९ जीबीत आणि १२८ च्या एमपीथ्रीत साडेअकरा जीबीत. डिस्कवर फ्लॅक ठेवा आणि ऐकण्यासाठी त्यातूनच एमपीथ्री काढून क्लाउडवर टाका. म्हणजे फुकट जागेतही भागतं आणि मूळ चांगलं राहतं.

१२८ च्या एमपीथ्रीचं फ्लॅक केलं तर आवाज सुधारेल का?

नाही. एमपीथ्री करताना जे गेलं ते गेलं. फक्त फाइल मोठी होईल.

कॅसेट कॉम्प्युटरवर कशी घ्यायची?

इथे घाई करू नका. जुन्या कॅसेटला चांगली वाजण्याची संधी फार वेळा मिळत नाही.

आधी यंत्र बघा. बंद पडलेल्या टेपरेकॉर्डरमध्ये बहुतेक वेळा रबरी पट्टा कडक झालेला किंवा वितळलेला असतो. तो बदलून देणारे कारागीर सीताबर्डीच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्ल्यांमध्ये विचारत गेलं की अजूनही भेटतात, आणि पट्टा बदलला की जुना डेक नव्या स्वस्त प्लेअरपेक्षा कितीतरी चांगला वाजतो. थेट यूएसबी वायर असलेले छोटे कॅसेट प्लेअर ऑनलाइन मिळतात. त्यांचा वेग बऱ्याचदा स्थिर नसतो. तंबोरा किंवा हार्मोनियमचा लांबवलेला सूर ऐका, तो थरथरला तर त्या यंत्रावर वेळ घालवू नका.

हेड (टेपवरचा आवाज वाचणारा भाग) आणि पिंच रोलर (टेप पुढे ओढणारं रबरी चाक) साफ करायला कापसाचा बोळा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं. रबराच्या रोलरवर ते अगदी बेताने लावा. दर चार-पाच कॅसेटनंतर बोळ्यावर तपकिरी भुकटी येते, ती टेपवरचीच असते. कॅसेट वाजवण्याआधी एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे गुंडाळा, वर्षानुवर्षं एकाच स्थितीत पडलेली टेप त्याने मोकळी होते. कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन्ही प्लास्टिकचे तुकडे मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी जुनं पुसलं जाणार नाही. आतली स्पंजची पट्टी निसटली असेल तर आवाज दबका आणि चढउतार होणारा येतो. तशाच मापाच्या दुसऱ्या, कामाच्या नसलेल्या कॅसेटमधली पट्टी काढून बसवता येते.

आवाज एकदम मंद, जणू पडद्याआडून येतोय असा वाटला तर टेपचा दोष समजू नका. हेडचा कोन टेपशी जुळत नसतो. हेडशेजारी एक बारीक स्क्रू असतो, टेप वाजत असताना तो किंचित फिरवला की एका क्षणी झांजा आणि टाळ स्वच्छ ऐकू येतात. खंजिरीच्या भजनात तर हा फरक लहान मूलही ओळखेल. वेगवेगळ्या घरी, वेगवेगळ्या यंत्रांवर भरलेल्या कॅसेट असल्या तर प्रत्येकीसाठी हे पुन्हा करावं लागतं.

डेकच्या लाइन आउटमधून कॉम्प्युटरच्या लाइन इनमध्ये वायर जोडा. लॅपटॉपला फक्त माइकचं भोक असेल तर छोटं यूएसबी ऑडिओ इंटरफेस घ्या. माइकच्या भोकात थेट जोडलं तर आवाज फाटतो. ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर पुरेसं आहे. मोठ्यात मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी ठेवा. मग बाजू ए आणि बाजू बी दोन स्वतंत्र फाइलमध्ये भरा आणि काहीही न कापता, न सुधारता फ्लॅकमध्ये साठवा. गाणी वेगळी करणं, खरखर कमी करणं हे सगळं त्या फाइलच्या प्रतीवर. खरखर काढणारं फिल्टर जोरात लावलं की तबल्याची शाई आणि गळ्याची धार दोन्ही जातात. मला थोडी खरखर असलेला जिवंत आवाज नेहमीच जास्त आवडतो. दहा वर्षांनी याहून चांगलं साधन येईल, तेव्हा मूळ फाइल हाताशी असली पाहिजे.

सीडीचं काम तुलनेने सोपं. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी किंवा फ्रीएसी वापरा, फ्लॅकमध्ये काढा. फिकट डाग पडलेल्या सीडी आधी घ्या.

नागपूरच्या उन्हाळ्यात हार्ड डिस्क आणि कॅसेटचं काय करायचं?

मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, २०१३ च्या मेमध्ये तर तो ४७.९ पर्यंत गेला होता. गच्चीच्या स्लॅबखालची वरची खोली आणि टिनाचं छप्पर असलेला माळा या कॅसेट ठेवायच्या सर्वांत वाईट जागा आहेत, आणि नेमक्या तिथेच त्या असतात. उष्णतेने कॅसेटचं कवच वाकतं, आतली टेप एकमेकींना चिकटते. खालच्या मजल्यावरच्या आतल्या खोलीतलं लाकडी कपाट चांगलं. कूलरच्या समोरची जागाही टाळा. कूलरने हवा गार होते तशी दमटही होते, आणि पुढे पावसाळा लागला की टेपवर पांढरी बुरशी धरते. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा.

बाहेरच्या बऱ्याच हार्ड डिस्कसाठी कंपन्या भोवतालचं तापमान ३५ अंशांपर्यंतच सांगतात, आणि डिस्क स्वतःही तापते. दुपारी दोन वाजता पंख्याखालच्या टेबलावर सलग चार तास कॉपी लावू नका, हे काम रात्री करा. आणि उन्हात उभ्या कारमध्ये डिस्क ठेवून जाऊ नका, अगदी दहा मिनिटांसाठीही नाही.

अपलोडला किती वेळ लागेल?

७० जीबी आणि २० एमबीपीएसचा अपलोड वेग धरला तर सुमारे आठ तास. जाहिरातीतला आकडा बहुधा डाउनलोडचा असतो, अपलोडचा वेग वेगळा मोजून बघा. मोबाइलच्या डेटावर हे करू नका. रात्री लावून ठेवा, आणि राउटरला छोटा यूपीएस असेल तर वीज गेली तरी काम थांबत नाही.

गाण्यांची नावं देवनागरीत ठेवावीत की रोमन लिपीत?

टॅगमध्ये देवनागरी, फाइलच्या नावात रोमन. हे माझं ठाम मत आहे. टॅग म्हणजे फाइलच्या आत लिहिलेली माहिती: गाणं, गायक, अल्बम, संगीतकार, गीतकार. आजचे सगळे फोन आणि ॲप ती देवनागरीत नीट दाखवतात. फाइलचं नाव मात्र कारच्या जुन्या स्टीरिओपर्यंत जातं आणि तिथे देवनागरीचे नुसते चौकोन दिसतात.

जुन्या फाइलमध्ये दोन प्रकारचा घोळ सापडतो. एक म्हणजे टॅगचा पहिला प्रकार, ज्यात फक्त ३० अक्षरं मावतात आणि देवनागरी बसतच नाही. एमपीथ्रीटॅग या सॉफ्टवेअरमध्ये तो काढून टाकून नव्या प्रकारात लिहा. दुसरा म्हणजे युनिकोडच्या आधी श्रीलिपी किंवा कृतीदेवसारख्या फाँटमध्ये टंकलेली नावं. ती आता अगम्य इंग्रजी अक्षरांसारखी दिसतात. अशी फाइल पुसू नका, ऐका आणि नाव पुन्हा लिहा.

आपल्या भाषेची एक खास अडचण आहे. ‘वाऱ्यावर’ मधला ऱ्या दोन पद्धतींनी टंकता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण ॲपच्या शोधाला ते वेगळे शब्द वाटतात आणि अर्धी गाणी सापडत नाहीत. घरात एकच कीबोर्ड ठरवा आणि सगळी नावं त्यावरच लिहा. गायकांची नावंही एकाच पद्धतीने. पंडित, पं., श्री. अशी विशेषणं कधी लावली, कधी नाही, तर एकाच गायकाचे तीन गायक होतात.

‘अल्बम आर्टिस्ट’ ही जागा रिकामी सोडू नका. दहा गायकांची गाणी असलेली एक कॅसेट त्या एका रिकाम्या जागेमुळे दहा अल्बममध्ये विखुरते. तिथे ‘विविध गायक’ असं लिहा. आणि कॅसेटच्या वेष्टनावर कंपनी, ठिकाण, वादक जे काही छापलं असेल ते ‘कॉमेंट’मध्ये उतरवा. वेष्टनाचा फोटो काढून अल्बमचं चित्र म्हणून जोडा. झाडीपट्टीच्या आणि भीमगीतांच्या बाबतीत पेटीवाला कोण, ढोलकीवाला कोण, याची नोंद बहुधा त्या कागदावरच असते. म्युझिकब्रेन्झ पिकार्ड हे आवाजावरून गाणं ओळखून टॅग भरणारं फुकट सॉफ्टवेअर चित्रपटगीतांना बरंचसं उपयोगी पडतं, पण आपल्या भागातल्या कॅसेट त्याच्या ओळखीच्या नाहीत. त्या हातानेच लिहाव्या लागतात.

मोबाइलवर ऐकताना डेटा किती जातो?

१२८ केबीपीएसला तासाला सुमारे ५८ एमबी, ३२० ला १४४ एमबी, फ्लॅकला ३०० ते ४०० एमबी. रोज दीड जीबीचं पॅक असेल तर ३२० वर दहा तास ऐकता येतं. शहरात, मेट्रोत वगैरे काळजी नाही. ताडोबा, गडचिरोली किंवा मेळघाटाकडे निघताना मात्र रेंजवर विसंबू नका, आदल्या रात्री वायफायवर गाणी ऑफलाइन घेऊन ठेवा. समृद्धी महामार्ग नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा आहे, त्या प्रवासासाठीही हेच.

कारमध्ये पेन ड्राइव्ह लावायचा तर तो फॅट३२ प्रकारात फॉरमॅट करा आणि एमपीथ्रीच भरा. फाइलच्या नावाआधी ०१, ०२ असे आकडे दिले तर गाणी क्रमाने वाजतात.

घरीच सर्व्हर बसवला तर?

ज्यांच्या घरी कॉम्प्युटरची थोडी आवड असलेलं कोणी आहे त्यांनी जरूर करावं. मला हा मार्ग मनापासून आवडतो, कारण यात साठा कोणाच्या वर्गणीवर टिकून राहत नाही. जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा कॉम्प्युटर चालतो. त्यावर नॅव्हिड्रोम नावाचं फुकट, मुक्त सॉफ्टवेअर टाकायचं आणि गाण्यांचं फोल्डर दाखवायचं. ब्राउझरमध्ये सगळा साठा दिसायला लागतो. नॅव्हिड्रोम सबसॉनिक या जुन्या पद्धतीला धरून बोलतं, त्यामुळे अँड्रॉइडवर सिम्फोनियम आणि आयफोनवर अँपरफाय अशी कितीतरी ॲप त्याला जोडता येतात. डिस्कवर फ्लॅक असलं तरी बाहेर पाठवताना ते लहान करून पाठवतं. घरातल्या प्रत्येकाला वेगळं नाव आणि पासवर्ड देता येतो. चित्रपटही ठेवायचे असतील तर जेलीफिन बघा.

घराबाहेरून ऐकताना लोक अडतात. आपल्याकडच्या बऱ्याच इंटरनेट जोडण्यांमध्ये अनेक घरांना मिळून बाहेरचा एकच पत्ता दिलेला असतो. त्यामुळे राउटरमध्ये पोर्ट (बाहेरून आत यायची वाट) उघडूनही बाहेरून घरापर्यंत पोचता येत नाही. यावर टेलस्केल हा सोपा उपाय आहे. घरच्या सर्व्हरवर आणि फोनवर ते टाकलं की दोघांमध्ये खासगी, सांकेतिक वाट तयार होते. वैयक्तिक वापराला ते फुकट आहे, आणि पोर्ट उघडायची गरज नसल्याने धोकाही कमी.

वीज अचानक गेली की रास्पबेरी पायचं मेमरी कार्ड खराब होण्याची भीती असते. गाणी कार्डवर न ठेवता बाहेरच्या डिस्कवर ठेवा आणि सर्व्हर इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. जुन्या लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, म्हणून पहिल्यांदा करणाऱ्यांना मी तोच सांगते. उन्हाळ्यात त्याला भिंतीपासून हातभर दूर, हवेशीर ठेवा.

हे सगळं कायद्यात बसतं का?

स्वतः विकत घेतलेल्या कॅसेटची वा सीडीची स्वतःच्या वापरासाठी प्रत करणं हे कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ मधल्या खासगी वापराच्या तरतुदीला धरून आहे. २०१२ च्या दुरुस्तीने तर अशा कारणासाठी इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवणं म्हणजे उल्लंघन नव्हे, हेही स्पष्ट केलं. ती सूट तुमच्यापुरती आहे. क्लाउडवरच्या फोल्डरची लिंक दोनशे जणांच्या ग्रुपवर टाकली की ती उरत नाही. फुटपाथवरच्या ‘एका सीडीत १५० गाणी’ या नकली सीडीलाही ती सूट लावून घेऊ नका.

ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं टिकतो. १९६० साली निघालेल्या तबकडीवरचा हक्क २०२० संपताना संपला. पण शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा असतो, तो कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. तुकडोजी महाराजांचं महानिर्वाण १९६८ मध्ये झालं, म्हणजे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या पदांचा हक्क २०२८ अखेरपर्यंत आहे. जुनं झालं म्हणून यूट्यूबवर जाहीर टाकायला सगळं मोकळं झालं, असं समजू नये. आपल्याच मंडळाचं रेकॉर्डिंग असेल तरी गाणाऱ्यांना विचारून मगच जाहीर करा. बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात, आणि त्या निमित्ताने कोण गायलं, कोणी वाजवलं याची नोंदही होते.

साठा बाबांच्या खात्यावर आहे. त्यांच्यानंतर तो कसा मिळेल?

हा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, म्हणून तो राहून जातो. गूगलच्या नियमाप्रमाणे दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं पुसलं जाऊ शकतं, आणि त्याबरोबर ड्राइव्हवरचं सगळं. गूगलच्या सेटिंगमध्ये ‘इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ आहे. खातं ठरावीक महिने शांत राहिलं तर कोणाला कळवायचं आणि काय द्यायचं हे त्यात आधीच लिहून ठेवता येतं. ॲपलमध्ये ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ आहे. दोन्ही ठिकाणी काम पाच-दहा मिनिटांचं आहे, बाबांशेजारी बसून त्यांच्याच हाताने करून घ्या. वर्गणी त्यांच्या कार्डवरून जात असेल तर तीही लक्षात ठेवा, कार्ड बंद झालं की जागा कमी होते. आणि घरच्या डिस्कवर तोच साठा असेल तर यातल्या कशाचीच धास्ती उरत नाही.

डिजिटल झाल्यावर मूळ कॅसेट टाकून द्यायच्या का?

बाजारात सर्वत्र मिळणारी चित्रपटगीतं असतील तर तुमची मर्जी. घरचं रेकॉर्डिंग, रेडिओवरून उतरवलेलं आणि स्थानिक कंपन्यांचं मात्र ठेवा, कारण फाइल नीट झाली आहे की नाही हे शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय कळत नाही, आणि तेवढं ऐकून होत नाही. टेप पूर्ण एका बाजूला गुंडाळून घ्या, कव्हरमध्ये घालून उभ्या ठेवा. प्रत्येक कॅसेटच्या पाठीवर पेन्सिलीने एक क्रमांक लिहा आणि तोच क्रमांक फाइलच्या नावात सुरुवातीला घाला.